मेंदूंतील सरस

एखाद्या वस्तूस नांव दिलें कीं तिचें ज्ञान झालें, असें समजण्याची चूक सामान्य माणसेंच करितात असें नाहीं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या हातूनही ती घडते. मेंदूंतील ‘ग्लिया’ नामक पेशींचा इतिहास या दृष्टीनें मनन करण्याजोगा आहे.

मेंदूंत संवेदनांची ने-आण करणाऱ्या मज्जापेशी असतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्यांच्या अवतीभवतीं जें दुसरें द्रव्य दिसतें, त्यास १८५६ सालीं रूडोल्फ फिर्खो या जर्मन वैद्यकपंडितानें ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे मज्जातंतूंचा सरस, असें नांव दिलें. सुतारानें सरसानें फळ्या सांधाव्या, तशा यानें मज्जापेशी जागच्या जागीं धरून ठेवाव्या, अशी कल्पना त्या नांवाबरोबर रूढ झाली.

पुढें १८७३ सालीं इटलींतील कामिल्लो गोल्जी यानें रुप्याच्या क्षारानें पेशी काळ्या रंगविण्याची रीत शोधून काढली, आणि स्पेनमधील रामोन ई काहाल यानें ती सुधारून मज्जापेशींचीं अद्भुत चित्रें रेखाटलीं. १९०६ चें नोबेल पारितोषिक दोघांस विभागून मिळालें. १९१३ सालीं काहालनें सोन्याच्या क्षारानें ग्लियांतील ताऱ्याच्या आकाराच्या पेशी स्पष्ट दाखविल्या. पीओ देल रीओ-ओर्तेगा यानें १९१९ ते १९२१ च्या दरम्यान आणखी दोन जाती वेगळ्या काढल्या. रूप असें उलगडत गेलें, पण वाणी ऐकूं येईना. मज्जापेशींप्रमाणें ग्लियांत विद्युत्स्पंद उठत नाहींत, म्हणून त्या मुक्या. आणि मुक्या म्हणून बहिऱ्याही, असें मानण्याकडे कल राहिला.

मज्जापेशी परस्परांशीं बोलतात त्या मुख्यत्वें रासायनिक दूतांच्या द्वारें. ग्लुटामेट हा त्यांतील प्रमुख. ज्या पेशीच्या आवरणावर दूताजोगें ‘ग्राहक’ प्रथिन असेल, तिलाच तो निरोप देऊं शकतो. किल्ली आणि कुलूप यांचाच हा संबंध. अशीं कुलपें ग्लियांवर असतील काय? १९६६ सालीं स्टीफन कुफ्लर व त्याचे सहकारी यांनीं एका उभयचर प्राण्याच्या दृष्टितंतूंत दाखविलें कीं, तंतू चेतविले असतां बाहेर पडणाऱ्या पोटॅशियममुळें ग्लियांची विद्युत्स्थिति बदलते. शेजारघरच्या गलबल्याची चाहूल लागावी, तितकीच ही गोष्ट होती. १९८४ सालीं मात्र काचपात्रांत वाढविलेल्या उंदराच्या तारकापेशी ग्लुटामेटला स्वतः प्रतिसाद देतात असें आढळलें. आणि १९९० सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांस त्याच द्रव्यानें अशा पेशींत कॅल्शियमच्या लाटा उठतांना दिसल्या. बहिरा समजलेला शेजारी सारें ऐकत होता!

आतां पारडें दुसरीकडे झुकलें. मज्जापेशींच्या संभाषणांत ग्लिया ही तिसरी भागीदार होय, असा सिद्धांत जोरानें पुढें आला. परंतु पुष्कळसे प्रयोग काचपात्रांतील पेशींवर किंवा कोंवळ्या पिलांच्या मेंदूवर झालेले होते. २०१३ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें माइकेन नेडरगार्ड हिच्या प्रयोगशाळेनें प्रौढ उंदरांचा मेंदू तपासला. कॅल्शियमची लाट उठविणारा जो ग्लुटामेटचा मुख्य ग्राहक, तो जन्मानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तारकापेशींवरून जवळजवळ नाहींसा होतो, असें तेव्हां दिसून आलें. प्रौढ माणसाच्या तारकापेशींतही तो सांपडला नाहीं. उरला तो वेगळ्या रीतीनें काम करणारा दुसरा ग्राहक.

मग प्रौढ ग्लिया पुन्हां बहिऱ्या ठरल्या काय? तसेंही नाहीं. स्मृतीशीं निगडित अशा हिप्पोकॅम्पस नामक भागांत मज्जातंतू एका जातीच्या ग्लियांशीं प्रत्यक्ष सांधे जोडतात, आणि तेही प्रौढ मेंदूंत, हें २००० सालींच दिसलें होतें. प्राणी दचकून सावध झाला असतां मेंदूंत सुटणारें नॉरॲड्रिनॅलिन प्रौढ उंदरांच्या तारकापेशींस चेतवितें, हेंही जागत्या उंदरांवरील प्रयोगांनीं ठरलें आहे. ग्लुटामेटचा निरोप त्यांच्या अतिसूक्ष्म शाखांत कितपत पोहोंचतो, याविषयींचा वाद मात्र अद्याप मिटलेला नाहीं.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. मेंदूच्या विकारांवरील औषध बहुधा प्रौढ रोग्यास द्यावयाचें असतें. आणि पिलाच्या मेंदूंत ज्या कुलुपास किल्ली लागली, तें कुलूप रोग्याच्या मेंदूंत उरलेलेंच नसेल, तर ती किल्ली कितीही सुबक असली तरी त्याच्या काय कामाची?