मालट्रकचा चालक आस

मालट्रकचा चालक आस हा अवजड मोटारवाहनाच्या मागील भागातील, इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणारा आणि त्याच वेळी मालाचा भार पेलणारा जोडभाग होय. बोलीत व कार्यशाळांत त्यास 'मागचा ॲक्सल', 'हाउसिंग' किंवा नुसते 'डिफरन्शियल' म्हटले जाते. यांपैकी शेवटची दोन वस्तुतः त्याच्या अवयवांची नावे आहेत. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात ऊस, कांदा, वाळू-खडी आणि कारखानी माल यांची वाहतूक मुख्यतः ट्रकने होते. काळ्या मातीची शेते, घाटरस्ते आणि हंगामी वापर या तिन्हींचा ताण तेथील वाहनांच्या चालक आसावर पडतो.

शब्द व संकल्पना

'आस' व 'आख' या दोन्ही शब्दांचे नाते संस्कृत 'अक्ष' या शब्दाशी आहे. बैलगाडीचा आख स्थिर असतो, चाके त्याच्याभोवती फिरतात आणि त्याचे काम केवळ भार पेलण्याचे असते. ट्रकच्या पुढील आसाचे स्वरूप बहुतांशी असेच असते. फक्त त्यास वळण्याची सोय असते. मागील चालक आसास मात्र आणखी तीन कामे करावी लागतात. प्रोपेलर शाफ्टमधून लांबीच्या दिशेने आलेली फिरकी काटकोनात वळवणे, वेग कमी करून पीळबल वाढवणे आणि वळणावर आतील व बाहेरील चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे ही ती कामे होत. तिसरे काम करणाऱ्या दंतचक्रसंचाचे एकस्व फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्योर यांनी १८२७ मध्ये घेतले होते, म्हणजे पेट्रोलवर चालणारी मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधी.

रचना

बाहेरील पोकळ, मजबूत कवचास हाउसिंग म्हणतात. त्याच्या मध्यभागी फुगीर गोल भाग असून त्यात लहान पिनियन, मोठे क्राउन चक्र व डिफरन्शियल बसवलेले असते. डिफरन्शियलपासून दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत एकेक ॲक्सल शाफ्ट जातो. हाउसिंग पाट्यांना, म्हणजे कमानस्प्रिंगांना, यू-बोल्टांनी आवळलेले असते.

अवजड ट्रकमध्ये 'फुल फ्लोटिंग' म्हणजे पूर्ण तरंगता आस वापरतात. त्यात चाकाचा हब दोन शंक्वाकार रोलर बेअरिंगांवर थेट हाउसिंगच्या टोकावर फिरतो. गाडीचे वजन हाउसिंग व बेअरिंगे पेलतात आणि शाफ्टच्या वाट्यास केवळ पीळ येतो. म्हणूनच शाफ्ट पूर्ण बाहेर काढला तरी चाक जागेवर राहते व गाडी ओढून नेता येते. निगा राखताना हा एक मुद्दा ध्यानात ठेवल्यास बरीच कोडी सुटतात.

पिनियन व क्राउन यांची जोडी बहुधा हायपॉइड प्रकारची असते. तीत पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापासून थोडा खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दाते मोठे व बळकट होतात. परंतु ते एकमेकांवर लांबीच्या दिशेने घासत सरकत असल्याने त्यांना विशेष प्रतीचे तेल लागते. खडी वाहणाऱ्या काही टिपरांत व लष्करी वाहनांत वेग दोन टप्प्यांत कमी केला जातो आणि दुसरा टप्पा हबच्या आतच असतो.

आसाची ओळख

सुटा भाग बदलण्यापूर्वी आस नेमका कोणता हे ठरवणे आवश्यक असते. बाह्य स्वरूपावरून केलेला अंदाज अनेकदा फसतो, कारण एकाच हाउसिंगमध्ये निरनिराळ्या गुणोत्तरांच्या जोड्या बसतात.

दहा टायरच्या गाडीत मागे दोन आस दिसतात, पण दोन्ही चालक असतीलच असे नाही. मध्यभागी फुगीर गोल भाग नसलेला, सरळ नळीसारखा आस केवळ भारवाहक असतो. दोन्ही आस चालक असल्यास पुढच्या आसातून आरपार गेलेला एक आखूड प्रोपेलर शाफ्ट मागच्या आसास जोडलेला दिसतो. चाकाच्या मध्यभागी बोल्टांच्या वर्तुळासह पुढे आलेली चकती ही पूर्ण तरंगत्या आसाची खूण आहे, तर मोठ्या डब्यासारखा हब आणि त्यावर तेलाचे स्वतंत्र बूच असेल तर वेग कमी करणारी चक्रे हबमध्ये आहेत असे समजावे.

वाहनाच्या नावातील आकडेही काही सांगतात. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रकनिर्मिती सुरू केली. त्या परंपरेतील '१६१३' या संख्येत पहिले दोन अंक एकूण वजन सुमारे १६ टन आणि नंतरचे दोन अंक शक्ती सुमारे १३० अश्वशक्ती असल्याचे दर्शवतात. 'एलपीटी' म्हणजे मालट्रक, 'एलपीके' म्हणजे टिपर व 'एलपीएस' म्हणजे ट्रेलर ओढणारे वाहन. मात्र आसाचे गुणोत्तर या नावातून कळत नाही. ते हाउसिंगवरील धातूच्या पट्टीवर कोरलेले असते. ती पट्टी चिखल, ग्रीस वा रंगाच्या थरांखाली गेलेली असते, म्हणून ती खरवडून न काढता तारेच्या ब्रशने व रॉकेलने स्वच्छ करावी.

पट्टी नाहीशी झाली असल्यास दाते मोजणे हा खात्रीचा मार्ग आहे. क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते म्हणजे गुणोत्तर. ४१ व ६ दात्यांच्या जोडीचे गुणोत्तर ६.८३ आणि ४१ व ७ दात्यांच्या जोडीचे ५.८६ येते. एका दात्याचा हा फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु चाकाचा एक फेरा सुमारे ३.२ मीटरचा व टॉप गिअर थेट धरला, तर इंजिनाच्या मिनिटास २००० फेऱ्यांना पहिल्या जोडीवर ताशी सुमारे ५६ किलोमीटर आणि दुसरीवर सुमारे ६६ किलोमीटर वेग मिळतो. पहिली जोडी चढावर ओढते, दुसरी सपाटीवर डिझेल वाचवते.

आस न उघडताही गुणोत्तर काढता येते. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अटकाव लावावा, गिअर मोकळा ठेवावा, मागची एकच बाजू जॅकने उचलून खाली स्टँड द्यावा आणि ते चाक हाताने बरोबर एक फेरा फिरवून प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने डिफरन्शियलमुळे येणारा आकडा निम्मा असतो, म्हणून त्याची दुप्पट करावी. ही दुप्पट विसरल्याने चुकीची जोडी खरेदी केली जाते.

क्राउन व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात व दोहोंवर एकच जुळणी क्रमांक असतो. त्यामुळे एकटा पिनियन बदलणे ही काटकसर नव्हे. दोन चालक आसांच्या गाडीत दोन्हींचे गुणोत्तर उत्पादकाने ठरवल्याप्रमाणे एकच असावे लागते. ते वेगळे असल्यास दोन आस एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि त्यांतला दुबळा मोडतो.

भारमर्यादा

केंद्र शासनाने २०१८ मध्ये आसांवरील कायदेशीर भारमर्यादा वाढवली. चार टायरच्या एकेरी आसासाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन आणि आठ टायरच्या जोडआसासाठी १९ टनांवरून २१ टन झाली. कायद्यातील आकडा बदलल्याने जुन्या गाडीचे हाउसिंग जाड झाले नाही, हे येथे नोंदवणे अवश्य आहे. जुन्या वाहनास त्याच्या उत्पादकाने दिलेलीच क्षमता लागू पडते.

जिल्ह्यातील वापर

लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. त्यानंतर प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील पट्ट्यात सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले. गळीत हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात ऊस बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉली व ट्रक यांतून गव्हाणीपर्यंत जातो.

ट्रकच्या आसाची खरी कसोटी महामार्गावर नव्हे, तर फडातून बाहेर पडताना लागते. ओल्या काळ्या मातीत एका बाजूचे चाक जागीच फिरू लागते व दुसरे स्थिर राहते. डिफरन्शियलमधील लहान चक्रे अशा वेळी अतिशय वेगाने फिरतात, तेलाचा थर तुटतो आणि त्यांचा खिळा जळून चक्र त्यावर चिकटते. चालकाने क्लच झटक्याने सोडला व चाकाने एकदम पकड घेतली, तर संपूर्ण पीळ शाफ्टवर येतो. ज्या गाडीत डिफरन्शियल लॉक आहे तेथे तो गाडी थांबवून, चाके सरळ ठेवून लावावा व कठीण रस्त्यावर येताच सोडावा. लॉक लावून डांबरी रस्त्यावर वळणे घेतल्यास दातेच जातात.

वारंवार शाफ्ट तुटणे ही ऊस वाहतूकदारांची परिचित तक्रार होय. 'माल जास्त झाला म्हणून शाफ्ट गेला' हे त्यावरचे नेहमीचे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. वर म्हटल्याप्रमाणे पूर्ण तरंगत्या आसात शाफ्ट वजन पेलतच नाही. अतिभाराने वाकते ते हाउसिंग. हाउसिंग किंचित वाकले की शाफ्टची दोन टोके एका रेषेत राहत नाहीत. मग प्रत्येक फेऱ्यास शाफ्ट थोडा वाकतो व सरळ होतो आणि लाखो फेऱ्यांनंतर थकून तुटतो. नवा शाफ्ट घातला तरी काही महिन्यांत तोच प्रकार घडतो. एकाच बाजूचा शाफ्ट पुनःपुन्हा तुटणे, त्याच बाजूचे ऑइल सील टिकत नसणे आणि आतील टायरची आतली कड लवकर झिजणे ही तीन लक्षणे एकत्र दिसल्यास हाउसिंगची सरळता तपासावी. तुटलेल्या तोंडावरूनही कारण कळते. गुळगुळीत, वलयांकित व काळपट भाग जुनी भेग दाखवतो. पूर्ण खडबडीत व ताजे तोंड एकाच झटक्याचे असते. तुटलेला आतील तुकडा व लोखंडी कीस काढून हाउसिंग धुतल्याशिवाय नवा शाफ्ट घालू नये.

हंगामपूर्व तपासणी

पावसाळ्यातील काही महिने ऊस वाहणारे बरेच ट्रक उभे असतात. उभी गाडी सुरक्षित असते हा समज बरोबर नाही. तेल खाली निथळून दात्यांचा वरचा भाग उघडा पडतो, ब्रीदरमधून दमट हवा आत जाते आणि बेअरिंगांवर गंजाचे ठिपके पडतात. म्हणून पहिली खेप भरण्यापूर्वी तेल पाहणे हिताचे असते.

तेलाची पातळी सपाट जागी, आस थंड असताना तपासतात. भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल असावे. कमी तेलाने दाते जळतात. जादा तेल सीलमधून निघून ब्रेकच्या लायनिंगवर जाते. हायपॉइड जोडीस जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० तेल उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार घालतात. गिअरबॉक्ससाठीचे जीएल-४ तेल येथे पुरेसे नाही. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरले आहे. बुचाच्या चुंबकावर करडा लगदा साचणे स्वाभाविक आहे, मात्र बोटाला टोचणारा कण दिसल्यास आस उघडावा. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर गरम हवेचा दाब सील फोडतो आणि पुन्हापुन्हा सील बदलूनही गळती थांबत नाही. हा दोन मिनिटांत साफ होणारा भाग तपासणीत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

शाफ्टच्या चकतीचे नट व यू-बोल्ट ठरावीक बलाने आवळावेत आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा पाहावेत. पाट्याचा मधला बोल्ट तुटल्यास आस सरकतो व गाडी तिरकी चालू लागते. हबची बेअरिंगे फार सैल असल्यास चाक डुलते, फार घट्ट असल्यास तापते. काही किलोमीटर चालवून थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या हबांजवळ हाताची मागची बाजू नेऊन उष्णतेची तुलना करावी. थेट स्पर्श करू नये. एकच बाजू स्पष्टपणे अधिक तापलेली असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक हे कारण असते.

आवाजावरून निदान

वेग देताना येणारा व पाय काढताच थांबणारा गुणगुणाट, किंवा याच्या उलट, क्राउन-पिनियनच्या जुळणीतील दोष दाखवतो. केवळ वळणावर येणारा आवाज डिफरन्शियलच्या लहान चक्रांचा असतो. क्लच सोडताना 'टण्' असा ठोका आल्यास दोष आसाचाच आहे असे गृहीत धरू नये. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आधी हलवून पाहावा. चाकाच्या वेगाबरोबर बदलणारी सततची घरघर बहुधा बेअरिंगची असते.

घाटातील धोका

नगर–पाथर्डी रस्त्यावरील करंजी घाट, नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील इमामपूर घाट, संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट आणि नगरहून कल्याणकडे जाताना जिल्ह्याबाहेर लागणारा माळशेज घाट यांतून भरलेल्या गाड्या नेहमी जातात. उतारावर शाफ्ट तुटला तर गाडीची ओढ जातेच, शिवाय इंजिनाचा अटकावही नाहीसा होतो. गिअर लावलेला असूनही गाडी मोकळी सुटते. चाकांवरील हवेचे ब्रेक मात्र काम करत राहतात, म्हणून अशा वेळी गिअर शोधत न बसता ब्रेकने गाडी थांबवणे व चाकांस दगड लावणे हाच उपाय असतो. हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर चालत असलेल्या जुन्या वाहनांत तोही या प्रसंगी निरुपयोगी ठरतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक हीच स्थिती स्वतःहून ओढवून घेतो. त्यात ड्रम तापतात, ती उष्णता हबमध्ये उतरून ग्रीस वितळवते आणि घाट संपल्यावरही बेअरिंग बिघडते.

बंद पडलेली गाडी मागील चाके जमिनीवर ठेवून ओढायची असल्यास दोन्ही शाफ्ट काढावेत किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवावा. अन्यथा इंजिन बंद असताना गिअरबॉक्स तेलाविना फिरत राहतो.

चाचणी व लष्करी वाहने

संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना (व्हीआरडीई) अहिल्यानगर येथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये नव्या वाहनप्रकारांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत तिचा समावेश होतो. भारतीय लष्कराने वापरलेल्या टाट्रा ट्रकचा आस नेहमीच्या ट्रकपेक्षा अगदी निराळा आहे. त्यात गाडीच्या मध्यातून एक जाड नळी जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना अर्धे आस स्वतंत्रपणे वरखाली झुलतात. प्रत्येक अर्ध्या आसास स्वतःचे क्राउन व पिनियन असते, त्यामुळे वर दिलेल्या सूचना त्यास जशाच्या तशा लागू होत नाहीत.