गोळी बंद करण्याआधी हा इतिहास वाचा

आमच्या अण्णांना स्टेंट टाकलेली आहे. तरी गेल्या महिन्यात त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. का, तर व्हॉट्सॲपवर मेसेज आला, गोळी घातक आहे म्हणून. त्यासाठी हे लिहितोय.

१९७१ साली टोकियोत सांक्यो कंपनीच्या अकिरा एंडो यांनी बुरशीत औषध शोधायला घेतलं. सुमारे ६,००० नमुने तपासले. १९७३ मध्ये सापडलं ते तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत. यकृत ज्या एन्झाइमच्या मदतीने कोलेस्टेरॉल बनवतं, त्यालाच हे औषध अडवतं. मग यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेतं.

कुत्र्यांवरच्या चाचणीत शंका आली आणि १९८० मध्ये सांक्योने काम थांबवलं. पुढे अमेरिकेत मर्कच्या लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये मंजुरी मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांचा अभ्यास आला. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होते.

दुसरी बाजूही सांगतो. २००१ मध्ये बायरने सेरिव्हास्टॅटिन बाजारातून काढून घेतलं. त्याने स्नायू झिजून, मूत्रपिंड निकामी होऊन माणसं दगावली होती. आजच्या गोळ्यांनी असं फार क्वचित होतं. स्नायू दुखणं, साखर थोडी वाढणं मात्र काहींना होतं.

अण्णांना म्हटलं, "अंग दुखतंय तर डॉक्टरांना सांगू, ते डोस किंवा गोळी बदलतील. लघवी गडद झाली तर लगेच जाऊ. पण मेसेज वाचून बंद करू नका."

उद्या अपॉइंटमेंट आहे. तुमच्याही घरी एकदा विचारून बघा.