स्वकष्टार्जित धनाचा वसा : कर्मवीर भाऊराव पाटील

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशा चतुर्विध दानाची परंपरा जैन समाजाने शतकानुशतके जपली आहे. मंदिरे, धर्मशाळा, पाठशाळा, वसतिगृहे या दानावरच उभी राहिली. परंतु दान हे दात्याच्या सवडीवर आणि मर्जीवर अवलंबून असते. संस्थेला स्वतःच्या श्रमातून काही मिळविता येईल का, हा प्रश्न महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत धीटपणे हाती घेतला, ते जैन कुळातच जन्मले होते, ही आपल्या समाजाच्या इतिहासातील एक लक्षणीय गोष्ट होय.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. समाजाच्या स्मरणिकेत हा प्रसंग गाळण्याचा मोह होतो. पण तो गाळला तर पुढचे भाऊराव नीट समजत नाहीत. पुढे त्यांनी उभारलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली, त्याचे बीज या प्रसंगात शोधता येते.

शिक्षण अर्धवट राहिले. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. पुढे ओगले यांच्या काच कारखान्याचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. विक्रेत्याच्या या फिरतीला चरित्रांत फारशी जागा मिळत नाही. तथापि शेतकऱ्याच्या गाठीला रोख पैसा किती, त्याचे हात किती राबतात आणि त्याचे मूल शाळेत का येत नाही, हे त्यांनी या काळात प्रत्यक्ष पाहिले. ज्या घरात पैसा नाही, तेथे श्रम आहेत, आणि श्रमाचे मोल करता येते, हा त्यांचा पुढचा सारा हिशेब येथूनच सुरू झाला असावा.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. येथील मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, दगड फोडीत आणि बांधकामावर ओझी वाहत. गावोगावचे धान्य मुठीमुठीने गोळा होई. ‘कमवा आणि शिका’ हे नाव पुढे सर्वतोमुखी झाले.

मात्र श्रमाच्या कमाईवर सारे भागले, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. वसतिगृहात अन्न संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. लक्ष्मीबाई १९३० साली निवर्तल्या. संस्थेचा विस्तार त्यांना पाहता आला नाही. स्वकमाईचा गौरव करताना हा त्याग ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मुलांच्या हातांनी खर्च हलका केला. तूट मात्र एका माउलीने भरून काढली.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. निवासी, विनाशुल्क आणि श्रमावर आधारलेले असे हे विद्यालय होते. मुलगा फी देत नसे, पण फुकटही शिकत नसे. दयेच्या अन्नाने येणारे मिंधेपण त्याच्या वाट्यास आले नाही. केवळ जमाखर्चाच्या वहीवरून या योजनेचे मोजमाप करणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

स्वावलंबनाची खरी कसोटी १९४८ साली लागली. भाऊरावांनी जाहीर भाषणात तत्कालीन कारभारावर टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. एव्हाना संस्थेचा व्याप मोठा होता. आदल्याच वर्षी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले होते. अनुदान थांबले, पण संस्था थांबली नाही. लोक पाठीशी उभे राहिले, गाडगे महाराजांसारख्यांनी बाजू घेतली आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले. ज्या गावांनी आपली मुले या संस्थेत घाम गाळताना पाहिली होती, त्यांना ती परकी वाटणे शक्यच नव्हते.

१९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेची शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये उभी राहिली होती. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना पुढे कर्मवीरांच्याच नावे चालू झाली. ग्रंथालयात वा कार्यालयात काही तास काम करून खेड्यातला विद्यार्थी त्या पैशातून आपला खर्च भागवितो.