दोनदा म्हणू नये: हिब्रू गायनातली ध्यानाची वाट

इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात प्रार्थनेविषयी एक कडक नियम आहे. आभाराचा शब्द जो लागोपाठ दोनदा उच्चारतो, त्याला तिथल्या तिथे गप्प करावे. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमुदात या नियमावर चर्चा झाली, तेव्हा तो ‘शमा’लाही लागू झाला. शमा म्हणजे देव एकच आहे हे इस्राएलला बजावणारे, रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचे वचन. ते दोनदा म्हटले तर हा दोन देवांना हाका मारतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटेल, म्हणून मनाई. त्यावर बाबिलोनियातल्या पापा या पंडिताने अबाये या दुसऱ्या पंडिताला मोठी मार्मिक शंका विचारली. पहिल्या वेळी त्या माणसाचे मन थाऱ्यावर नसेल आणि नीट चित्त लावून म्हणता यावे म्हणून त्याने पुन्हा म्हटले असेल, तर? अबायेचे उत्तर सडेतोड आहे: देवाशी काय दोस्तासारखे वागायचे? पहिल्याच खेपेला मन लागत नसेल, तर लागेपर्यंत लोहाराच्या घणाने ठोकावे. हरिपाठाच्या आणि जपमाळेच्या संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाला हा संवाद चक्रावून टाकील. आपल्याकडे मन लागत नाही म्हणून तर नाम पुन्हा पुन्हा घ्यायचे असते. हिब्रू गायनाकडे ध्यानसाधना म्हणून पाहायचे, तर हा नियम आधी समोर ठेवला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. पुनरुच्चाराचा सरळ रस्ता मुख्य प्रार्थनेत बंद होता, म्हणून या परंपरेतल्या साधकांनी आडवाटा शोधल्या, आणि त्यांच्या गायनाचे सगळे वेगळेपण त्या आडवाटांत आहे.

मनाई पुनरुक्तीला होती, सुराला नव्हती. उलट सूर सक्तीचाच होता. धर्मग्रंथ चालीवाचून वाचणाऱ्याला आणि मिश्ना गुणगुणल्यावाचून शिकणाऱ्याला तालमुदात योहानन या पंडिताच्या नावाने खरमरीत बोल लावलेले आहेत. पुढे नवव्या-दहाव्या शतकांत गॅलिली सरोवराकाठच्या तिबेरियासमधल्या पाठरक्षकांनी बायबलच्या प्रत्येक शब्दावर कुठे थांबायचे, कुठे जोडायचे आणि सूर कसा वळवायचा हे सांगणाऱ्या खुणा बसवल्या. अहरोन बेन अशेरने सुमारे 930 मध्ये खुणा घातलेली प्रत, पुढे अलेप्पोची पोथी म्हणून गाजलेली, आजही प्रमाण मानतात. सूर इथे अर्थाचा पहारेकरी आहे. ध्यानाची सोयही होती, पण ती प्रार्थनेच्या अलीकडे आणि पलीकडे. जुने भक्त प्रार्थनेआधी तासभर स्वस्थ बसत, असे मिश्ना सांगते. तालमुद त्यात प्रार्थनेनंतरचा एक तास जोडते. शब्दांच्या दोन्ही बाजूंना शांतता ठेवायची आणि मधले शब्द एकदाच, पण पुरते म्हणायचे, असा हा आराखडा होता.

बाराव्या-तेराव्या शतकांत ऱ्हाइन नदीच्या आणि दक्षिण जर्मनीच्या मुलखात यहुदा हसिद आणि त्याच्या शिष्यांचा एक विरक्त पंथ होता. ही मंडळी प्रार्थनेतले शब्द मोजत, आणि त्या आकड्यांत गूढ अर्थ पाहत. एक शब्द वाढला की हिशेब बिघडला. अशा ठिकाणी आळवायला जागा उरते ती फक्त सुरात, आणि याच पंथाच्या ‘सेफेर हसिदिम’ या ग्रंथात स्वतःच्या मनाला गोड वाटेल अशी चाल शोधून तिच्यात प्रार्थना करावी, म्हणजे हृदय शब्दांमागे जाईल, असा सल्ला आहे. मला हे दोन्ही एकत्र वाचावेसे वाटतात: शब्द जितका आवळला जातो, तितका सूर सैल सुटतो. त्यानंतरच्या पिढीत स्पेनच्या सारागोसात 1240 मध्ये जन्मलेल्या अब्राहम अबुलाफियाने फार वेगळी युक्ती काढली. रात्री एकांतात, शुभ्र वस्त्रे नेसून, दिवे लावून बसायचे. देवाच्या नावातली अक्षरे घ्यायची, त्यांची अदलाबदल करायची, प्रत्येकाला आळीपाळीने निरनिराळे स्वर लावायचे, आणि त्या उच्चाराला श्वासाची लय आणि मानेची ठरावीक हालचाल जोडायची. जपाशी याचे साम्य वरवरचे आहे. जपात तेच नाम परत येते आणि मन निवत जाते. अबुलाफियाच्या पद्धतीत अक्षरांची जुळणी सतत बदलते, त्यामुळे मनाला क्षणभरही झापड येऊ देता येत नाही. तो स्वतः अक्षरांच्या या जुळणीची तुलना संगीताशी करतो. हा गृहस्थ 1280 मध्ये थेट पोपला भेटायला रोमकडे निघाला होता, आणि नेमका तेव्हाच पोप तिसरा निकोलस वारला. बार्सेलोनाच्या श्लोमो बेन अदेरेतने त्याच्यावर बहिष्कार घातला तो मात्र गायनासाठी नव्हे; तो स्वतःला तारणहार म्हणवू लागला होता म्हणून.

अबुलाफियाची वाट एकट्याची होती. समुदायाला ती परवडणारी नव्हती. समुदायाने प्रार्थनेची वेळच सोडून गाण्यासाठी नवी वेळ काढली. सोळाव्या शतकात गॅलिलीतले सफेद हे गाव गूढवाद्यांनी गजबजले होते. त्या वातावरणात इस्राएल नजारा या कवीने तुर्की आणि अरबी गाण्यांच्या चालींवर हिब्रू भक्तिगीते रचली. त्याचा संग्रह सफेदलाच 1587 मध्ये छापला गेला. बाजारातल्या चाली देवाला कशाला, अशी कुरकुर तेव्हाही झाली. पण त्याच वळणाची गाणी सीरियातल्या अलेप्पोच्या यहुद्यांनी हिवाळ्यातल्या शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीदिवसाच्या, रात्री गायला घेतली. मध्यरात्रीनंतर उठून सिनॅगॉगमध्ये जमायचे आणि एका मकामातून, म्हणजे अरबी रागातून, दुसऱ्यात जात पहाटेच्या प्रार्थनेपर्यंत गात राहायचे. याला बक्काशोत म्हणतात. जेरुसलेममध्ये अलेप्पोहून आलेल्यांनी 1901 मध्ये बांधलेल्या आदेस सिनॅगॉगमध्ये ती प्रथा अजून पाळली जाते. इथे पालुपद चालते, कडवे आळवता येते, गायक आपली जागा घेऊन थांबू शकतो, कारण ही सक्तीची प्रार्थना नव्हे.

शब्दच टाकून देण्याचे धाडस मात्र अठराव्या शतकातल्या पूर्व युरोपातल्या, यहुदा हसिदच्या पंथाहून वेगळ्या, हसिदी पंथाने केले. प्रार्थनेच्या आधी, मधल्या फटीत, शब्बाथच्या जेवणाच्या मेजावर ते निगुन गात: नुसते आलाप, निरर्थक अक्षरांवर, घोळवून घोळवून, कितीही वेळ. तराणा ऐकलेल्या कानाला हे नवखे वाटणार नाही, पण तराण्यातली चपळाई इथे नाही. या पंथाचा गुरू मेझेरिचचा डोव्ह बेर याने बायबलमधल्या एलिशा संदेष्ट्याने वादकाला बोलावल्याच्या गोष्टीचा अर्थ असा लावला, की वादक स्वतः वाद्यासारखा रिकामा झाला तेव्हाच त्याच्यावर देवाचा आत्मा उतरला. याच पंथाच्या हबाद शाखेचा संस्थापक श्नेऊर झाल्मन याच्या नावाने एक विचार सांगतात: शब्दांच्या गाण्याला शब्दांपुरतीच हद्द असते, शब्दांवाचूनच्या गाण्याला शेवट नसतो. जे शब्दाला नाकारले होते ते सुराला मोकळे होते. शंभरदा आळवला तरी आलाप दोन देवांची कबुली देत नाही. यावर कोणी म्हणेल की हे सगळे फार शास्त्रशुद्ध समर्थन झाले, हसिदी लोक हिब्रू न कळणाऱ्या गरीब खेडुतांना जवळ करत होते आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या चाली उचलत होते, इतकेच. हा आक्षेप निम्मा खरा आहे. 1914 ते 1932 या काळात हिब्रू सुरांचा दहा खंडांचा कोश काढणाऱ्या आब्राहम इदेलसोनने हसिदी चालींवरची स्लाव्ह छाप नोंदवली आहेच. हबादपंथीय तर नेपोलियनच्या फौजेची म्हणून एक कूचगीताची चाल आजही गातात. पण चाल कुठून आली हा एक प्रश्न, आणि ती शब्दांवाचून का गायली हा दुसरा. शमा म्हणता येणाऱ्या, तालमुद मुखोद्गत असणाऱ्या गुरूंनीही निगुन हीच साधना मानली, हे अडाणीपणाच्या कारणाने उलगडत नाही. निगुनचा उगम केवळ त्या जुन्या मनाईत आहे असे माझे म्हणणे नाही. मनाईने त्याला घडवले, एवढाच माझा दावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मनाई खरोखर इतकी पाळली जात होती का? स्तोत्रसंहितेतल्या 136 व्या स्तोत्रात एकच पालुपद 26 वेळा येते. योम किप्पुरच्या उपासाच्या शेवटी परमेश्वर हाच देव आहे ही घोषणा सात वेळा करतात. पण त्याच क्षणी म्हटला जाणारा शमा एकदाच म्हणतात, आणि 1565 मध्ये छापलेल्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेत योसेफ कारोने तो दोनदा म्हणण्याची मनाई पुन्हा नोंदवली. अपवाद मोजून ठेवलेले आहेत, यातच नियमाचा वचक दिसतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुद्यांचे उदाहरण इथे खरोखर उपयोगी आहे. हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या इतिहासानुसार हिब्रू विसरलेल्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनिवार तेल्यां’पाशी शमाची ओळ तेवढी उरली होती. सुंता, लग्न, मरण, प्रत्येक प्रसंगाला तीच म्हणत. हा जप नव्हे, पण एका ओळीवर सगळा भार टाकणे नक्कीच आहे. पुढे हिब्रू प्रार्थना पुन्हा शिकल्यावर 1880 च्या सुमारास त्यांनी बायबलच्या कथांवर मराठी कीर्तने सुरू केली, आणि आळवणीची हौस तिथे भागवली. प्रार्थना हिब्रूत, आळवणी मराठीत: हीही आडवाटच.

आता अमेरिकेत शेफा गोल्ड यांच्यासारख्या रब्बी एखादे हिब्रू वचन घेऊन ते वीस-वीस मिनिटे गोल बसून गाण्याची पद्धत शिकवतात, आणि ती प्राचीन असल्याचे काही जण सांगतात. ते मला पटत नाही. तिच्यावर आपल्या कीर्तनाची आणि एकूण आशियाई साधनांची सावली आहे, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही; या प्रवाहाचे अध्वर्यू झाल्मन शाख्टर-शलोमी 1990 मध्ये दलाई लामांना भेटायला धर्मशाळेला आले होतेच. तेराव्या शतकात कैरोतल्या अब्राहम मैमोनिदेसने सूफींकडून उघडपणे शिकून घेतले होते. घेणे जुने आहे. नवे आहे ते वचन पुन्हा पुन्हा म्हणणे. धर्मशास्त्राने बंद ठेवलेला सरळ रस्ता या मंडळींनी सक्तीच्या प्रार्थनेबाहेर उघडला, आणि पापा पंडिताची शंका अबायेच्या उत्तरापेक्षा मोठी मानली. ही फारकत आहे, आणि तिला फारकतच म्हणावे. सनातनी सिनॅगॉगमध्ये गायकाने चालीसाठी शब्द दोनदा घेतला, तर त्यावर आजही आक्षेप येतो.