पिचरचे क्षेत्ररक्षण (बेसबॉल)

चेंडू हातातून सुटल्यावर पिचरने घ्यावयाचा पवित्रा व पार पाडावयाची कामे. बेसबॉलच्या गुणलेखनात क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात. त्यांतला १ हा पिचरचा.

पवित्रा : पिचरची पट्टी १८९३ पासून होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर आहे. फेकीबरोबर पाऊल पुढे पडते, त्यामुळे परतणाऱ्या चेंडूसाठी त्याहूनही कमी अंतर उरते. म्हणून फेक संपताच दोन्ही पाय बॅटरसमोर, गुडघे वाकलेले आणि ग्लोव्ह छातीपुढे असावा, असे शिकवतात. या तयारीचा सर्वोत्तम नमुना म्हणजे ग्रेग मॅडक्स. क्षेत्ररक्षणासाठीचे त्याचे १८ गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार हा सर्व जागांवरील खेळाडूंमध्ये विक्रम आहे. बॉब गिब्सनचा तोल मात्र फेकीनंतर पहिल्या बेसकडे जाई. तरीही त्याने १९६५ ते १९७३ सलग नऊ वेळा हा पुरस्कार मिळवला. जन्मतः उजवा पंजा नसलेला जिम ॲबट डाव्या हाताने फेक करून क्षणार्धात त्याच हातात ग्लोव्ह चढवत असे.

पहिला बेस : पहिल्या बेसचा रक्षक चेंडू अडवायला बेस सोडतो, तेव्हा तिथे पिचरने पोचायचे असते. सरळ बेसवर धावून चालत नाही. आधी काही पावले अलीकडे फाउल रेषेजवळ यायचे, मग रेषेला समांतर धावत बेसच्या आतल्या कडेवर पाय टेकवायचा. म्हणजे धावणाऱ्या बॅटरशी टक्कर टळते.

३० ऑक्टोबर २०२४ रोजी वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात यांकीज डॉजर्सविरुद्ध ५–० ने पुढे होते. पाचव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर धावपटू आणि दोन बाद असताना डॉजर्सच्या मुकी बेट्सचा जमिनीलगतचा फटका पहिल्या बेसचा रक्षक अँथनी रिझो याच्याकडे गेला. पिचर गेरिट कोल बेसवर पोचलाच नाही. बेट्स सुरक्षित राहिला आणि धाव झाली. त्या इनिंगमध्ये डॉजर्सनी पाच धावा करून बरोबरी साधली आणि पुढे ७–६ असा सामना जिंकून विजेतेपद मिळवले. रिझोने स्वतः बेस गाठायला हवा होता का, याविषयी मतभेद आहेत.

पाठराखण : आउटफिल्डमधून येणारी फेक निसटू नये म्हणून पिचर तिसऱ्या बेसच्या किंवा होम प्लेटच्या मागे उभा राहतो.

चुका : २००६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइटच्या पिचरांनी पाच सामन्यांत क्षेत्ररक्षणाच्या पाच चुका केल्या.

धोका : ७ मे १९५७ रोजी गिल मॅकडूगल्डचा सरळ फटका क्लीव्हलँडचा पिचर हर्ब स्कोअर याच्या डोळ्यावर बसला. २०१४ मध्ये मेजर लीगने पिचरांसाठी गादीदार टोपीला मान्यता दिली. तिचा वापर ऐच्छिक आहे आणि ती चेहरा झाकत नाही.