वाफसा मोजणारी वडी : जमिनीतील ओलावा मोजण्याचा इतिहास

#थ्रेड

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि पुणे जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पूर्व भागात ऊस उभा राहिला. पंचवीस वर्षे उलटतात न उलटतात तोच, १९१० साली, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांना एक वेगळीच पत्रिका प्रसिद्ध करावी लागली. तिचा विषय होता नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी.

दुष्काळाने जे केले नव्हते ते अतिपाण्याने केले. पाणीपट्टी पिकाखालील क्षेत्रावर आकारली जाई, पाण्याच्या मापावर नव्हे. पाळी आली की शेतकरी मिळेल तेवढे पाणी घेई. निचरा मंद असलेल्या काळ्या जमिनीत भूजल वर चढले, त्याबरोबर क्षार पृष्ठभागावर आले आणि शिवारे पांढरी पडू लागली.

पाणी पुरे झाले हे ओळखण्याचे साधन त्या काळी एकच होते : मूठ. मूठभर माती दाबून, लाडू वळून, तो फोडून पाहिला की वाफसा आला की नाही ते जाणत्याला कळे. ही परीक्षा भाबडी मुळीच नव्हती. पण ती वरच्या वीतभर थराची. मुळांच्या खोलीवर काय चालले आहे ते मुठीला दिसत नसे.

प्रयोगशाळेकडे दुसरा मार्ग होता. मातीचा नमुना तोलायचा, भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला वाळवायचा, पुन्हा तोलायचा. ही रीत अचूक खरी, पण उत्तर साधारण दुसऱ्या दिवशी मिळे, आणि उकरलेली जागा पुन्हा तपासता येत नसे.

१८९७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील मिल्टन व्हिटनी, फ्रँक गार्डनर आणि लायमन ब्रिग्ज यांनी मातीतून वीज सोडून पाहिली. ओली माती विजेला कमी रोध करते, तेव्हा रोधावरून ओलावा काढावा, अशी ती कल्पना. ती फसली क्षारांमुळे. खारट पाण्यातून वीज सुलभ वाहते. त्यामुळे माती ओली आहे की नुसती खारट, हे यंत्राला उमगेना. (हेच ब्रिग्ज पुढे १९३९ साली अमेरिकेच्या युरेनियम समितीचे अध्यक्ष झाले.)

खरी कलाटणी मिळाली १९०७ मध्ये, आणि तीही उपकरणातून नव्हे, प्रश्न बदलल्याने. एडगर बकिंगहॅम यांनी पाण्याच्या प्रमाणाऐवजी मातीने ते किती घट्ट धरले आहे याचा विचार मांडला. वजनाच्या १५ टक्के पाणी वाळूत असेल तर रोप सुखात असते. तेवढेच पाणी भारी काळ्या मातीत असेल तर तेच रोप कोमेजते. पाणी असते, पण माती ते सोडत नाही.

ही ओढ मोजणारा टेन्सिओमीटर १९३६ च्या सुमारास लोरेन्झो रिचर्ड्स आणि विलर्ड गार्डनर यांनी रूपास आणला. सच्छिद्र मातीचा पेला, वर पाण्याने भरलेली नळी आणि निर्वातमापक : जणू एक कृत्रिम मूळच. मात्र सुमारे ८० सेंटीबारपुढे त्यात हवा शिरते आणि तो मुका होतो. पिके त्याच्या कितीतरी पुढे, १५०० सेंटीबारच्या आसपासपर्यंत, पाणी ओढू शकतात.

ही मर्यादा ओलांडली ग्रीसमध्ये जन्मलेल्या जॉर्ज बुयुकोस यांनी. मिशिगनमध्ये मिक या सहकाऱ्यासह त्यांनी १९४० साली जिप्समची वडी सादर केली. साहित्य प्लॅस्टर ऑफ पॅरिस, म्हणजे आपल्याकडे गणेशमूर्तींसाठी वापरतात तेच. आत दोन विद्युताग्रे. वडी जमिनीत पुरली की तिच्यातील आणि भोवतालच्या मातीतील ओढ सारखी होते, आणि रोध मोजायचा तो मातीचा नव्हे, वडीचा. जिप्सम स्वतः किंचित विरघळून वडीतील द्रावण जवळजवळ स्थिर ठेवते. मातीतले थोडेफार क्षार त्यात लपून जातात. १८९७ चे अपयश असे क्षारानेच क्षारावर मात करून धुतले गेले.

अर्थात मर्यादा होत्याच. वडी काही हंगामांत झिजते, आणि फार खारट जमिनीत तीही फसते. नीरा खोऱ्यासारख्या बिघडलेल्या शिवारात, म्हणजे मोजमापाची निकड सर्वाधिक होती तिथेच, तिची साथ तोकडी पडली असती.

१९८० मध्ये कॅनडात टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन यांनी विद्युतस्पंदाच्या वेगावरून ओलावा काढण्याचे सूत्र दिले. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५. हा फरक इतका मोठा की पाणी लपत नाही. ठिबकच्या शेतात आणि बाल्कनीतल्या कुंडीत खोचले जाणारे आजचे स्वस्त धारिता सेन्सर याच फरकावर चालतात.

पण ते पुन्हा टक्केच सांगतात, ओढ नव्हे. शिवाय काळी माती वाळताना भेगाळते. सेन्सरला लागून भेग पडली की आत हवा भरते आणि ओल असूनही आकडा कोरडा येतो. म्हणून दुसऱ्या जमिनीचा २५ टक्क्यांचा आकडा इथे उसना घेता येत नाही. पाणी दिल्यावर ज्या दिवशी मूठ वाफसा आला असे सांगते, त्या दिवशीचा सेन्सरवरील आकडा टिपून ठेवावा लागतो. त्या शेतापुरती तीच मोजपट्टी.