नांव झांकलेली कथा

नवी विज्ञानकथा कोठें सांपडेल, असें वसईंतील माझे विद्यार्थी विचारीत. विज्ञानप्रेमींच्या मंडळांत शोधा, असें मी सांगें. मराठी विज्ञान परिषदेचेंच पाहा. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा-स्पर्धेंत ‘कृष्णविवर’ ही कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलें बक्षीस तिलाच मिळालें. मागून उलगडलें कीं, जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरें उलटीं फिरविलीं होतीं आणि अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून नक्कल पत्नीनें केली होती. थोर ज्योतिर्विदाचें नांव दिसतें, तर परीक्षकांनीं पारख कथेची केली असती कीं नांवाची, याची मला शंकाच आहे. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह आमच्या शाळेंत आला, तेव्हां पानें सुटेपर्यंत मुलांनीं तो हातोहात फिरविला. बांधणी मात्र मला करावी लागली.